नशा नवऱ्याची, टेस्ट माझी: प्रसूती विभागाला एक खुलं पत्र

प्रति,
प्रसूती विभागाचे प्रमुख, तिथले सगळे डॉक्टर, नर्स, लॅबवाले आणि हॉस्पिटलचे नियम ठरवणारी कमिटी,

नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. माझा नवरा नशा करतो हे मी तुमच्या ओपीडीत, तुम्हीच विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून, खरंखरं सांगितलं आणि त्यानंतर मला काहीही न सांगता माझ्या युरीनची ड्रग टेस्ट केली गेली. मी लेखी तक्रार दिली. त्यावर "हा विभागाचा प्रोटोकॉल आहे आणि बाळाच्या हितासाठी आहे" एवढंच उत्तर आलं, खाली सही शिक्का. ते उत्तर मला मान्य नाही म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय. हॉस्पिटलचं नाव घेत नाहीये कारण एकतर माझी डिलिव्हरी तिथेच व्हायचीये, आणि दुसरं म्हणजे वेटिंगमध्ये बसून बाकीच्या बायकांशी बोलल्यावर कळलं की हे दुसरीकडेही असंच चालतं.

आधी एक स्पष्ट करते. तुम्ही जो प्रश्न विचारला तो चुकीचा नव्हता. गरोदर बाईला विचारायच्या प्रश्नांचा जो एक साधा संच जगभर वापरतात, ज्याला फोर पीज म्हणतात, त्यात चार गोष्टी असतात: आईवडिलांना दारू-ड्रग्जचा त्रास होता का, पार्टनरला आहे का, तुम्हाला पूर्वी कधी होता का, आणि या गरोदरपणात काही घेतलंय का. म्हणजे पार्टनरचा प्रश्न त्यात मुद्दाम घातलेला आहे. का, तर ज्या घरात नवरा नशा करतो त्या घरातल्या बाईला जास्त मदत लागू शकते हे माहिती असल्यामुळे. तो प्रश्न गप्पांचं दार उघडायला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सगळ्या गरोदर बायकांना दारू आणि ड्रग्जबद्दल विचारा, आणि प्रत्येक भेटीत विचारा, असंच म्हटलंय. विचारा. लघवी तपासून गपचूप शोधा असं नाही.

तुमच्याकडे काय झालं, तर माझ्या उत्तरावर फाईलच्या कव्हरवर लाल पेनने काहीतरी खूण झाली. पुढच्या वेळी नर्स नेहमीसारखी डबी देऊन म्हणाली, "शुगर आणि प्रोटीन बघायचंय." दर चेकअपला देतेच की मी युरीन, दिली. त्याच डबीतून ड्रग पॅनेल, म्हणजे बऱ्याच ड्रग्जची एकत्र तपासणी, झालं. ते मला कळलं कसं, तर त्याच्या पुढच्या भेटीत एकदम सगळ्यांचा सूर बदलला, सोशल वर्कर येऊन बसल्या, आणि "तुम्ही स्वतः काय घेता?" असं विचारायला लागल्या. रिपोर्टवर अॅम्फेटामीन, म्हणजे उत्तेजक प्रकारचं एक ड्रग, पॉझिटिव्ह होतं.

आता गंमत ऐका, म्हणजे गंमत नाहीच ती. मला बीपी वाढल्यामुळे लॅबेटालॉलच्या गोळ्या चालू होत्या. कोणी दिल्या? तुम्हीच दिल्या, तुमच्याच फार्मसीतून घेतल्या, फाईलच्या दुसऱ्या पानावर डोससकट लिहिल्यात. लॅबेटालॉल गरोदरपणात बीपीसाठी सर्रास देतात, आणि ते शरीरात मोडल्यावर जो पदार्थ तयार होतो तो अॅम्फेटामीनशी इतका मिळताजुळता असतो की स्वस्तातली झटपट स्क्रीनिंग टेस्ट, ज्याला इम्युनोअॅसे म्हणतात, ती फसते. हे काही गुपित नाहीये, लॅबवाल्यांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन, अॅसिडिटीचं रॅनिटिडीन, डिप्रेशनवरचं ब्युप्रोपियॉन, यांच्यामुळेही अशीच खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. खसखशीत तर खरोखरच थोडं मॉर्फीन, म्हणजे अफूतलाच पदार्थ, असतं, त्यामुळे अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या ड्रग टेस्टमध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा 1998 मध्ये मिलिलिटरला 300 नॅनोग्रामवरून थेट 2000 वर नेली, कारण खसखस खाणारी निष्पाप माणसं अडकत होती. नोकरीसाठी एवढा विचार झाला आणि पोटुशी बाईच्या बाबतीत तुम्ही एका स्क्रीनिंगवर विश्वास ठेवून मोकळे.

मी हट्ट धरल्यावर मास स्पेक्ट्रोमेट्रीची पक्की टेस्ट झाली. ती क्लिअर आली. पण पहिला रिपोर्ट फाईलमध्ये अजून आहे, लाल खूण अजून आहे, आणि दुसऱ्या रिपोर्टबद्दल "बरं झालं" असं एक वाक्यसुद्धा कोणी बोललं नाही. दर वेळी नवा डॉक्टर फाईल उघडतो, पहिलं पान वाचतो, आणि मग माझ्याकडे बघतो. ते बघणं कसं असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल.

आता माझ्या तक्रारी. प्रोटोकॉल, प्रोटोकॉल जे चाललंय त्यातलं नेमकं काय चुकतंय ते सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार संमतीची. एका कामासाठी दिलेलं सॅम्पल दुसऱ्या कामासाठी वापरणं, तेही जिच्या विरोधात जाऊ शकतं तिला न सांगता. हॉस्पिटलात पाऊल टाकताना जो जाडजूड फॉर्म भरून घेता त्यात "आवश्यक त्या तपासण्या" असं लिहिलेलं असतं, त्यावर माझी सही आहे, असं मला ऐकवलं गेलं. त्या ओळीत हे बसत नाही. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची जी मोठी संघटना आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स, तिची भूमिका अशी की सगळ्यांना तोंडी प्रश्न विचारून स्क्रीनिंग करा, आणि युरीन टेस्ट करायचीच असेल तर बाईला आधी सांगून, तिची परवानगी घेऊन करा. तिकडे हा विषय पार सुप्रीम कोर्टात गेलेला आहे. साऊथ कॅरोलिनामधल्या चार्ल्सटन शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलने 1989 मध्ये पोलिसांशी संगनमत करून गरोदर बायकांची युरीन कोकेनसाठी तपासायला सुरुवात केली, ज्या पॉझिटिव्ह आल्या त्यातल्या काहींना तर अटक झाली, आणि अटक झालेल्या 30 जणींपैकी 29 जणी कृष्णवर्णीय होत्या. दहा जणींनी केस केली. 2001 मध्ये निकाल लागला, 6 विरुद्ध 3, की पोलिसांना पुरावा मिळावा म्हणून पेशंटच्या संमतीशिवाय अशी तपासणी करणं घटनेविरुद्ध आहे, हेतू कितीही चांगला सांगितला तरी. तुम्ही पोलिसांना बोलावलं नाही हे मान्य, आणि ते बरंच केलंत. पण चांगल्या हेतूचा दाखला तिथेही दिला जात होता.

दुसरी गोष्ट, कुणाची टेस्ट करायची हे ठरतं कशावर? मला स्पष्ट सांगण्यात आलं, "तुमचे मिस्टर घेतात ना, म्हणून." म्हणजे माझ्या शरीराबद्दलचा संशय दुसऱ्या माणसाच्या सवयीवरून. माझ्यात कुठलंही लक्षण नव्हतं, बाळाची वाढ व्यवस्थित होती, एकही चेकअप मी चुकवला नव्हता. अशा निवडून केलेल्या टेस्टचं काय होतं याचा एक जुना अभ्यास आहे, अमेरिकेत फ्लोरिडातल्या पिनेलास काउंटीतला, 1990 मध्ये छापून आलेला. 715 गरोदर बायकांची युरीन नाव न लावता तपासली, जवळजवळ 15 टक्के पॉझिटिव्ह आल्या, गोऱ्या आणि काळ्या बायकांमध्ये फारसा फरक नाही, पण सरकारी यंत्रणेकडे तक्रार गेली ती काळ्या बायकांची साधारण दहा पट जास्त. वर्णाचं सोडा, तत्त्व तेच आहे. जिच्याबद्दल आधीच मत झालंय तिचीच टेस्ट होते. चांगले कपडे घालून, कारमधून उतरून, नवऱ्याबद्दल "छे, काहीच नाही" म्हणणारीची होत नाही.

तिसरं, ही टेस्ट नेमकं सांगते काय? युरीनमध्ये कोकेनचे अंश दोन ते चार दिवस सापडतात, अॅम्फेटामीन दोन-तीन दिवस, गांजा एखाद्या वेळी घेतला तर साधारण तीन दिवस आणि रोजची सवय असेल तर महिनाभरही. त्यावरून किती घेतलं, कधीपासून घेतात, व्यसन आहे का, बाळाला काही झालंय का, यातलं काहीच कळत नाही. आणि ज्या दारूमुळे पोटातल्या बाळाच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो हे पक्कं माहितीये ती दारू नेहमीच्या ड्रग पॅनेलमध्ये बहुतेक वेळा नसतेच. सिगरेट नसते. म्हणजे रोज संध्याकाळी पिणारी बाई तुमच्या टेस्टमधून स्वच्छ बाहेर पडेल आणि बीपीची गोळी घेणारी अडकेल. केसांची टेस्ट करू असंही एकदा बोलणं निघालं होतं. केसांमध्ये तीन महिन्यांचं दिसतं हे खरं, पण घरात दुसरं कोणी ओढत असेल तर धूर आणि पावडर केसांना बाहेरूनही चिकटते, आणि माझ्या बाबतीत तर नेमकं तेच होणार ना! नवऱ्याच्या नशेची टेस्ट माझ्या डोक्यावरच्या केसांवर.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त लागलेली आहे. तो प्रश्न विचारला कुठे, तर सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असताना, दार उघडं असताना. मी खरं बोलले, पण घरी गेल्यावर काय झालं ते इथे लिहिणार नाही. नशा करणाऱ्या माणसाच्या घरातल्या बाईला हा प्रश्न एकटीला विचारायचा असतो, आणि त्याच्याबरोबर अजून एक प्रश्न विचारायचा असतो, "तो तुमच्यावर हात उचलतो का?" नशा आणि मारहाण किती वेळा एकत्र येतात हे प्रसूती विभागाला मी सांगायला नको. तो प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारलेला नाही. लघवी तपासली, मार तपासला नाही.

आणि त्या माणसाचं काय? तो बाहेर बाकावर बसलेला होता, मोबाईलवर. त्याला आत बोलवून कोणी दोन शब्द बोललं नाही. तुम्हाला व्यसनमुक्तीसाठी मदत हवीये का, कुठे जायचं ते सांगू का, एक कागद तरी. त्या बाबतीत तो पेशंट नाही म्हणे, आमचा संबंध नाही. मग त्याच्या वागण्यावरून माझी टेस्ट करताना संबंध कुठून आला? डॉक्टर, मी तुमच्यावर ओरडत नाहीये, खरंच विचारतेय.

आता जे करायला हवं होतं आणि झालं नाही ते सांगते, कारण "मग आम्ही बाळाची काळजी करायचीच नाही का" असं उत्तर येणार हे मला माहितीये. करा की काळजी! माझा नवरा इंजेक्शन घेतो. हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सुया शेअर करणाऱ्याला हिपॅटायटिस सी, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांचा धोका असतो आणि त्याच्याकडून मला, माझ्याकडून बाळाला. सुरुवातीला एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी झालं, ते सगळ्यांचंच होतं. हिपॅटायटिस सी कोणी केलंच नाही. आणि पार्टनरकडून धोका चालूच असेल तर या टेस्ट शेवटच्या तीन महिन्यांत परत करायच्या असतात, कारण पहिल्या टेस्टनंतर लागण झाली तर ती पहिल्या रिपोर्टमध्ये दिसणार कशी? याने खरंच फरक पडतो. आईला एचआयव्ही असेल आणि काहीच उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के सांगतात, वेळेवर औषधं मिळाली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस द्यायची असते. माझ्या बाळासाठी उपयोगाच्या टेस्ट या होत्या. त्या राहिल्या आणि जी टेस्ट माझ्या बाळाच्या काहीच कामाची नव्हती ती माझ्यापासून लपवून झाली. घरातल्या सिगरेटच्या धुराबद्दल, नवऱ्याने जास्त डोस घेतला तर काय करायचं त्याबद्दल, अफूजन्य ड्रगचा जास्त झालेला डोस उतरवणारं नॅलोक्सोन नावाचं औषध असतं आणि ते घरात ठेवता येतं याबद्दल, एक अक्षर नाही. मी स्वतः शोधून वाचलं.

आणि समजा, समजा हं, माझी टेस्ट खरंच पॉझिटिव्ह असती तर? अशी बाई पण या पत्रात यायला हवी, नाहीतर मी फक्त "मी त्यातली नाही" एवढंच ओरडल्यासारखं होईल. नवऱ्याबरोबर राहून राहून बायकोलाही सवय लागते, कधी तोच लावतो. तिला तर तुमची जास्त गरज आहे. अफूजन्य ड्रग्जची सवय असलेल्या गरोदर बाईने एकदम बंद करणं धोक्याचं असतं, तिला त्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फीन या औषधांवर ठेवून डिलिव्हरीपर्यंत सांभाळता येतं, बाळाला नंतर त्रास झाला तर त्यावरही उपचार आहेत. पण त्यासाठी तिने तुमच्याकडे यायला तर हवं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 2014 मध्ये गरोदरपणात ड्रग्ज घेणाऱ्या बायकांवर गुन्हा नोंदवायचा कायदा आणला, आणि बायका घाबरून दवाखान्यात जाणंच टाळायला लागल्या अशा तक्रारी आल्या. 2016 मध्ये त्याची मुदत संपली तेव्हा तो पुढे वाढवला नाही. भीतीने माणूस नशा सोडत नाही, डॉक्टर सोडतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या नंतर वेटिंगमध्ये बसलेल्या एका मुलीने, वय फार तर बावीस-तेवीस, मला विचारलं, "ताई, तो नवऱ्याचा प्रश्न विचारला तर काय सांगू?" मी तिला काय उत्तर दिलं असेल? मला "खरं सांग" असं म्हणता आलं नाही. तुमच्या प्रोटोकॉलने हे केलंय. जो प्रश्न मदतीसाठी होता त्याला आता बायका खोटं उत्तर देणार, आणि ज्यांना खरंच गरज आहे त्या तुम्हाला कधी दिसणारच नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या. कुठलीच अवघड नाहीये.

एक, ड्रग टेस्ट करायची असेल तर आधी सांगा, कशासाठी करताय, रिपोर्ट कोण कोण बघणार, पॉझिटिव्ह आली तर काय होणार, हे समजेल अशा भाषेत सांगा आणि वेगळी सही घ्या. नाही म्हणायचा हक्क द्या, आणि नाही म्हटलं म्हणून बाकीच्या उपचारात फरक पडू देऊ नका. बाई बेशुद्ध असेल, फिट आली असेल, जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काय घेतलंय ते कळायलाच हवं, त्याला कोणाचा विरोध नाही.

दोन, पार्टनर नशा करतो हे एकटं कारण टेस्टसाठी पुरेसं धरायचं नाही. हे लेखी नियमात घाला, तोंडी आश्वासन नको.

तीन, स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आली की पक्की टेस्ट झाल्याशिवाय फाईलमध्ये "पॉझिटिव्ह" लिहू नका आणि सोशल वर्करना पाठवू नका. पेशंटला कुठली औषधं चालू आहेत ते लॅबच्या फॉर्मवर लिहायची जागा ठेवा. एवढं असतं तरी माझ्या बाबतीत हे सगळं टळलं असतं.

चार, नशा आणि मारहाण याबद्दलचे प्रश्न प्रत्येक बाईला, दार लावून, एकटीला विचारा. घरच्यांना बाहेर बसवायचं कारण काय सांगायचं ते नर्सना चांगलं माहिती असतं, वजन करायचंय म्हणा.

पाच, पार्टनर नशा करतो असं बाईने सांगितलं तर तिला संसर्गाच्या टेस्ट परत करून द्या, हिपॅटायटिस सी सकट, आणि पार्टनर तयार असेल तर त्याला उपचाराचा रस्ता दाखवा. ओपीडीत रोज कितीतरी नवरे नुसते बसून असतात.

सहा, आणि ही माझी स्वतःची. माझ्या फाईलमधली पहिली नोंद चुकीची होती असं स्पष्ट लिहून, पक्क्या टेस्टचा रिपोर्ट तिच्या वर लावा, कव्हरवरची लाल खूण काढा, आणि दुरुस्त केलेल्या पानाची कॉपी मला द्या. बाळ जन्मल्यावर त्याच्या फाईलमध्ये यातलं काहीही जाता कामा नये. त्याची पहिली शी घेऊन तीही तपासायचा विचार असेल, कारण त्यात मागच्या चार-पाच महिन्यांचं दिसतं हे मलाही आता माहिती झालंय, तर ते मला विचारल्याशिवाय होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

उत्तर लेखी द्या, या वेळी एका ओळीपेक्षा मोठं. पुढच्या चेकअपला येतेय. त्या दिवशी डबी पुढे केलीत की मी विचारणार आहे की यातून काय काय तपासणार, आणि उत्तर मिळाल्यावरच सॅम्पल देणार.

तुमच्या ओपीडीतली एक पेशंट